दीड फुटाचं रान

ज्या घरात कधीकाळी मासे होते, त्या घराच्या माळ्यावर रिकामी काचेची टाकी हमखास सापडते. टाकून देववत नाही आणि पुन्हा मासे आणायचा उत्साह उरलेला नसतो. माझी टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर चाळीसेक लिटरची. तिच्यात मी झाडं लावली. ती पाहून भाचरांनी, मैत्रिणींनी आपापल्या टाक्या माळ्यावरून उतरवल्या आणि त्या लावून द्यायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

१. आत कोण राहणार, हे सगळ्यात आधी ठरवा.

टाकी पाहायला येणारा प्रत्येक जण हिरवळीचं कौतुक करतो आणि मग विचारतो, "पण यात प्राणी कुठेय?" परदेशी व्हिडिओंत अशा पेट्यांमधून निळे-पिवळे बेडूक बसलेले दिसतात. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, आणि बरेचदा बंदिवासातच पैदास झालेले. त्यांची हौस इथे भागवायची म्हणून पावसाळ्यात जिन्यात आलेला बेडूक उचलून आत ठेवणारेही असतात. दीड फुटात त्या बेडकाने करायचं काय? शिवाय रानातले जीव पकडून घरात ठेवायचं म्हटलं की १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. परदेशी प्राणी दुकानातून विकत आणला तरी सुटका नाही. वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत त्याचं नाव असेल, तर २०२२च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

माझं मत स्पष्ट आहे. एवढ्या टाकीत झाडं, आणि पालापाचोळा खाणारे चार-सहा मिलिमीटरचे जीव. ही तडजोड अजिबात नव्हे. खरं रानही बहुतांशी तेवढ्याच जिवांवर चालतं.

२. गळकी टाकीही चालते, फक्त ती कुठून गळते ते पाहा.

माशांना पाणी काठापर्यंत लागतं, आपल्याला तळाशी बोटभर. वरच्या अर्ध्या भागात सिलिकॉन सुटला असेल तर बिनघोर वापरा. तळात तीन बोटं पाणी भरून टाकी रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असला की झालं. सांधा भरायचाच असेल तर ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो साधा सिलिकॉन घ्या. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेलं असतं, तो नको. सांधा भरल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतात.

३. झाडं तहानेने कमी आणि पाण्याने जास्त मरतात.

कुंडीला खाली भोक असतं, टाकीला नसतं. बाकी सगळं या एका फरकातून येतं. म्हणून तळाशी दीड-दोन इंच विटांचे किंवा कौलांचे तुकडे घालायचे. भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या मिळतात त्याही छान, पण महाग. त्यावर खिडकीला लावतात ती नायलॉनची मच्छरजाळी काठाकाठाला नीट बसवून घालायची, म्हणजे वरची माती खाली उतरत नाही. आणि मागच्या कोपऱ्यात, माती भरण्याआधीच, पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा जाळीतून आरपार तळापर्यंत उभा करून ठेवायचा. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. पाणी जास्त झालं की त्या पाइपातून टाकीच्या हवेची जुनी नळी सोडायची, दुसऱ्या टोकाला मोठी सिरिंज लावायची आणि ओढून घ्यायचं. पाइप नसेल तर सगळं रान उपसण्यावाचून इलाज राहत नाही.

या छंदाचा जन्मही पाण्यापाशीच आहे. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत. त्यांना नेच्याची आवड, पण कोळशाच्या धुराने अंगणातले नेचे जगेनात. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर पालामातीत घालून बाटलीत बंद करून ठेवला. काही दिवसांनी त्यांना मातीतून एक नेचा आणि गवताचं एक पातं वर आलेलं दिसलं. दिवसा बाटलीतली ओल वाफ होऊन काचेवर जमायची आणि पुन्हा खाली उतरायची. वरून पाणी घालायची गरजच नव्हती. ती बाटली जवळजवळ चार वर्षं तशीच हिरवी राहिली. मग वॉर्ड गावाला गेलेले असताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि झाडं कुजून गेली. चार वर्षं पाण्यावाचून तगलेली झाडं पावसाने मारली!

पुढे त्यांनी तशा काचपेट्या करवून घेतल्या. १८३३ मध्ये त्यांतून झाडं जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोचली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला तोही याच पेट्यांतून. सकाळच्या चहाचा कप हातात घेऊन टाकीकडे पाहते तेव्हा हे आठवतं.

४. कोकोपीट धुतल्याशिवाय आत जाऊ देऊ नका.

नारळाची सोडणं पुष्कळदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे स्वस्त विटेत क्षार उतरलेले असतात. कुंडीत ते पाण्याबरोबर वाहून जातात, टाकीतून जाणार कुठे? साडेसहाशे ग्रॅमची वीट बादलीत फुलवा, जुन्या ओढणीत बांधून पिळा, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. गडद तपकिरी पाणी फिकट व्हायला लागलं की पुरे. त्यात मूठ-दोन मुठी लाकडी कोळशाचे तुकडे आणि कुस्करलेला वाळका पाला मिसळा. गांडूळखत नको. बंद काचेत ते फार जड होतं आणि त्यातून चिलटं निघतात. शेतातली काळी मातीही नको. ती चिकटून बसते, हवा खेळू देत नाही.

५. दिवाळीचा किल्ला केला असेल, तर अर्धं काम तुम्हाला येतंच.

दगड-विटा रचून वर माती लिंपायची, उतार कुठे ढासळेल ते आधीच ओळखायचं, पुढून पाहणाऱ्याला काय दिसेल याचा अंदाज घ्यायचा, हात तेच. फरक एवढाच की किल्ला दिवाळीपुरता उभा राहायचा असतो आणि हे वर्षानुवर्षं. नुसत्या कोकोपीटचा चढ काही महिन्यांत बसून सपाट होतो. आत दगडांची बांध घातल्यासारखी रचना हवी.

दगड कोणता? माझी पसंती जांभ्याला. कोकणातून येताना कुठेही घराचं काम चालू असलं की चिऱ्याचे फुटके तुकडे बाजूला पडलेले असतात, मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. जांभा सच्छिद्र असतो, खालची ओल वर खेचतो. पावसाळ्यात कोकणातले गडगे कसे हिरवेगार होतात, ते आठवा. मागच्या बाजूला उंच आणि पुढे उतरत आणा. सर्वात उंच दगड मधोमध मात्र ठेवू नका, जरा एका बाजूला घ्या.

६. पान जितकं लहान, तितकी टाकी मोठी दिसते.

नर्सरीत मनीप्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा समोर येतात आणि हात तिकडेच जातो. ती झाडं चांगलीच आहेत, पण त्यांचं एक पान अर्धी टाकी झाकतं. लहान पानांची फिटोनिया, बारीक पानांचा पिलिया, छोटा हंसराज, काचेला चिकटून चढणारी फायकस प्युमिला, एवढ्यात भागतं. मत्स्यालयाच्या दुकानातही बघा. तिथे पाण्यात बुडवून विकतात त्यातला अनुबियास मुळात ओढ्याकाठी, निम्मा पाण्याबाहेर वाढणारा आहे. तो दगडावर बांधून ठेवला की बसतो. फक्त त्याची मुळाशी आडवी वाढणारी जाड खोडासारखी कांडी मातीत पुरू नका.

नर्सरीतली रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यासकट येतात. तो गोळा बादलीत बुडवून मुळं मोकळी होईपर्यंत धुवा. त्यात गोगलगायींची अंडी असतात, पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दडलेला असतो. धुतलेली रोपं पंधरा-वीस दिवस वेगळ्या डब्यात ठेवून निरखा. टाकीत बारीक जीव सोडल्यानंतर कीटकनाशकाचा रस्ता बंद होतो, म्हणून ही चाळण बाहेरच लावायची.

आणि रानातून काही उपटून आणू नका. अभयारण्यातून साधी फांदी आणणंही गुन्हा आहे, आणि कासच्या पठारावरची दवबिंदू वनस्पती तुमच्या टाकीत जगणारही नाही.

७. गच्चीवरचं मॉस देखणं असतं, पण हट्टी असतं.

पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर मखमल येते. उलथण्याने अलगद सुटते, फुकट असते, म्हणून सगळे तीच लावतात. काही आठवडे दृष्ट लागावी अशी दिसते. मग लांबुडकी होते, मग तपकिरी. तिला ओलीनंतर उघडीप लागते, ऊन-वारा लागतो. बारा महिने दमट राहणं तिला मानवत नाही. तरीही थोडी लावून पाहाच, कारण तिचे देठ भिंगातून बघण्यासारखे असतात. फ्युनारिया नावाचं मॉस आपल्याकडे सर्रास उगवतं. त्याचा तांबूस देठ कोरडा झाला की पीळ घेतो आणि ओल लागली की उलगडतो. सुकलेल्या देठावर तोंडाची वाफ सोडा आणि क्षणभर थांबा. टोकावरची बोंडी हळूहळू वळायला लागते.

टिकाऊ गालिचा हवा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातलं जावा मॉस घ्या. कात्रीने बारीक चिरा, दह्यात कालवायची इंटरनेटवरची युक्ती विसरा (वासाने घर डोक्यावर घेतात), नुसतं ओल्या जांभ्यावर चोपडा. जमायला वेळ लागतो. एकदा धरलं की सोडत नाही.

८. ऊन नको, उजेड हवा. पाणी कोणतं, तेही पाहा.

बंद काचेवर एप्रिलचं थेट ऊन पडलं तर आतलं सगळं तासाभरात वाफवून निघतं. उत्तरेची खिडकी उत्तम. नाहीतर दहा-बारा वॅटचा पांढरा एलईडी, टायमर लावून आठ ते दहा तास. पुण्यात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की झाकण पूर्ण उघडं ठेवता येत नाही, आणि पूर्ण बंद ठेवलं तर काच दिवसभर धुरकट. मी झाकणाची काच पुढच्या बाजूला बोटभर आखूड कापून घेतली आणि त्या फटीला जाळी चिकटवली. सकाळी काचेवर धुकं आणि दुपारपर्यंत ते विरलेलं, असं दिसलं की पाणी बेताचं आहे. दिवसभर धुकं हटलं नाही तर फट वाढवा. सकाळीसुद्धा काच लख्ख असेल तर फवारा मारा.

बोअरच्या पाण्याने काचेवर आणि पानांवर पांढरे ठिपके उरतात. आरओचं प्यायचं पाणी वापरा. त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाहून जाणारं पाणी मात्र नको, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. पावसाचं साठवलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

९. टाकीचे खरे मालक डोळ्यांना जेमतेम दिसतात.

कुंडी उचलली की तळाशी पांढरे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव इकडेतिकडे होतात. हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडून ठेवलेली दुपाखी शेपटी जमिनीवर आपटून ते उडी मारतात. बुरशी खातात. एका झाकणाच्या डब्यात कोळशाचे तुकडे, थोडं पाणी आणि तांदळाचे चार-पाच दाणे घालून त्यात पाच-पंचवीस सोडा, अधूनमधून झाकण उघडून हवा द्या. तांदळाला बुरशी धरते, ती खाऊन हे वाढतात. पुरेसे झाले की डब्यात पाणी ओता. ते बुडत नाहीत, पृष्ठभागावर तरंगतात. ते पाणी थेट टाकीत रिकामं करा.

त्यांच्याबरोबर कुंडीखालचेच राखाडी, पाठीवर आडव्या पट्ट्या असलेले चौदा पायांचे किडे चार-सहा टाका. त्यांना किडे म्हणायचं एवढंच. ते खेकडे-कोळंबीच्या कुळातले. हवेत राहतात, पण श्वासाला ओल लागते, म्हणून दमट जागा सोडत नाहीत. वाळकं पान ते जाळीदार होईपर्यंत कुरतडतात, उरलेला भुगा स्प्रिंगटेलचा. ही मंडळी आल्यावर गळलेली पानं चिमट्याने काढायचं थांबवा.

१०. पहिल्या महिन्यात हात बांधून बसा.

सजावटीला लाकडाचा तुकडा ठेवला असेल, तर त्यावर पांढरी कापसासारखी बुरशी येते. सगळ्यांचा फोन याच वेळी येतो. काही करायचं नाही. बुरशी आपोआप ओसरते, आणि स्प्रिंगटेल असले तर लवकर. कधी पिवळीधमक छत्रीही उगवते, कुंडीच्या मातीतून आलेली. तिला हात लावायचं कारण नाही, पण ती खायची नाही, घरात लहान मूल असेल तर काढून टाका. फिटोनिया पहिल्या आठवड्यात मान टाकते आणि सावरते. या काळात जास्तीचं पाणी, जास्तीचं रोप, जागेची अदलाबदल, काहीही करू नका. चाळीस लिटरच्या जागेत केलेला प्रत्येक फेरफार मुळापर्यंत पोचतो.

११. कात्री मात्र लांब घ्या.

तीन-चार महिन्यांनी उलटा प्रश्न सुरू होतो. फायकस प्युमिला मागची काच भरून झाकणाच्या जाळीत घुसते, पिलिया हंसराजाला झाकतो. मत्स्यालयवाले वापरतात ती लांब दांड्याची कात्री आणि चिमटा, एवढी दोनच अवजारं विकत घेण्यासारखी. छाटताना पानाच्या बेचक्याच्या जरा वर कापा. फिटोनियाचा दोन पेरांचा तुकडा ओल्या मॉसवर ठेवला की मुळं धरतो, त्यामुळे छाटणीतून पुढच्या टाकीचं सामान तयार होतं. सध्या माझ्याकडे असे पुष्कळ तुकडे जमलेत. ज्यांची टाकी तयार आहे त्यांनी न्यायला यावं. पिशवी नको, डबा आणा. पिशवीत पानं चुरगळतात.