एका अक्षराचे वाचन : नॅनोछिद्रातून उलगडणारा डीएनए

विदर्भातील व सातपुड्याच्या पट्ट्यातील अनेक कुटुंबांना ‘सिकलसेल’ हा शब्द शिकवावा लागत नाही. सांध्यांत उठणारी असह्य कळ, वारंवार कमी होणारे रक्त आणि मुलांचे शाळेतून बुडणारे दिवस यांतून तो त्यांच्या घरी आधीच पोचलेला असतो. या आजाराचे मूळ शोधू लागलो की आपण एका अक्षरापाशी येऊन थांबतो. हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडविणाऱ्या जनुकात एका ठिकाणी ‘जीएजी’ ऐवजी ‘जीटीजी’ असा क्रम येतो. म्हणजे ‘ए’च्या जागी ‘टी’. हा बदल आई व वडील या दोघांकडूनही आला, तर तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मानवी डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यांतील एका अक्षराचा हा प्रताप आहे.

ही अक्षरे म्हणजे ए, टी, जी आणि सी ही चार रासायनिक घटकांची संक्षिप्त नावे. ती एकमेकांपासून अवघ्या ०.३४ नॅनोमीटरवर असतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. इतकी जवळजवळ लागलेली अक्षरे वाचण्याच्या पद्धतींपैकी विजेच्या साहाय्याने वाचणाऱ्या एका पद्धतीचा, म्हणजे नॅनोछिद्र पद्धतीचा, आपण येथे परिचय करून घेऊ.

छिद्र आणि प्रवाह

शेतकऱ्याच्या नित्य अनुभवातील एक गोष्ट आठवू. पाटाच्या तोंडाशी काडीकचरा अडकला की वाफ्यात येणारी पाण्याची धार बारीक होते. तोंडापाशी न जाताही, धारेवरून काय अडकले असावे याचा अंदाज बांधता येतो. नॅनोछिद्राचे तत्त्व हेच आहे. क्षाराच्या पाण्याचे दोन कप्पे एका अतिपातळ पटलाने वेगळे केलेले असतात आणि त्या पटलात एकच सूक्ष्म छिद्र असते. दोन्ही बाजूंना विद्युतदाब दिला की क्षारातील विद्युतभारित कण छिद्रातून वाहू लागतात. हा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजावा लागतो. एका अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोअँपिअर. डीएनएचा धागा स्वतः ऋणभारित असल्यामुळे तोही छिद्रात ओढला जातो व वाट अडवितो. प्रत्येक अक्षराचा आकार वेगळा, म्हणून अडथळाही वेगळा. प्रवाहातील हे चढउतार म्हणजेच धाग्यावरील मजकूर.

ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर यांनी १९८९ साली आपल्या वहीत रेखाटली. १९९६ साली जॉन कॅसियानोविच, डॅनियल ब्रँटन, डीमर व सहकाऱ्यांनी न्यूक्लिइक आम्लाचे एकेरी धागे अशा छिद्रातून जातात हे प्रयोगाने दाखविले. छिद्र म्हणून त्यांनी एका जिवाणूचे अल्फा-हिमोलायसिन हे प्रथिन वापरले. त्याचा सर्वांत अरुंद भाग सुमारे १.४ नॅनोमीटरचा असल्यामुळे दुहेरी धागा त्यातून जात नाही, एकेरी मात्र जातो.

वेगाला वेसण

अडचण होती ती वेगाची. मोकळा सोडलेला धागा सेकंदाला लाखो अक्षरांच्या गतीने निसटत असे आणि एकही अक्षर वाचता येत नसे. उपाय पुन्हा निसर्गातच सापडला. पेशीत डीएनए हाताळणारी विकरे धाग्यावर बसविली, की ती त्याला पावलापावलाने पुढे सोडतात. आजच्या यंत्रांत ही गती सेकंदाला सुमारे ४०० अक्षरे एवढी आणली आहे.

तरीही छिद्राच्या अरुंद भागात एका वेळी जवळपास पाच अक्षरे प्रभाव टाकतात. चार अक्षरांपासून पाचांचे १,०२४ क्रम होतात. त्यांतील कोणता क्रम समोर आहे, हे संगणकाला प्रवाहावरून ताडावे लागते. एकच अक्षर ओळीने अनेकदा आले तर प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो आणि मोजणी चुकू शकते.

प्रयोगशाळा रुग्णापाशी

या पद्धतीचे खरे मोल २०१५ साली पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात दिसले. इबोलाच्या साथीत निकोलस लोमन व जोशुआ क्विक यांच्या गटाने मुठीत मावणारी ‘मिनआयन’ यंत्रे आणि बाकीचे साहित्य प्रवासी सामानातून तेथे नेले. सारे मिळून वजन ५० किलोहूनही कमी. इबोला विषाणूचा मजकूर आरएनएत असतो, म्हणून आधी त्याची डीएनए प्रत करून घ्यावी लागली. वीज व इंटरनेट बेभरवशाचे असूनही १४२ नमुने वाचले गेले. नमुना हाती आल्यापासून २४ तासांच्या आत निष्कर्ष देता येऊ लागला. कोणाचा विषाणू कोणाच्या विषाणूशी जुळतो, म्हणजे संसर्गाची साखळी कोठून आली, हे साथ चालू असतानाच कळू लागले.

त्या काळी यंत्राच्या वाचनात चुका बऱ्याच होत. म्हणून प्रत्येक जागा अनेकदा वाचून बहुमताचे अक्षर स्वीकारले गेले. आज एकेका वाचनाची अचूकता ९९ टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा मोठा वाटतो. पण ३०० कोटींच्या मजकुरात एक टक्का म्हणजे तीन कोटी अक्षरे. एका अक्षरावर लेकराचे निदान ठरत असताना एकाच वाचनावर विसंबणे परवडणारे नाही. मोजमाप यंत्र करते. ते पुरेसे आहे का, हे माणसाने ठरवायचे असते.

आपल्यासाठी बोध

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सिकलसेल ओळखण्यासाठी प्रत्येकाला अशा यंत्राची गरज नाही. रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी आणि तिच्यात दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिस, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी किंवा मूल होण्याआधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे. वाहक असणे हा कोणाचाही दोष नव्हे. दोन पत्रिका जुळविण्यापेक्षा रक्ताचे दोन अहवाल शेजारी ठेवून पाहणे भावी लेकराच्या अधिक उपयोगाचे आहे.

नवे यंत्र गावापर्यंत आले म्हणजे ज्ञान आपोआप गावाचे होत नाही. त्या वर-खाली होणाऱ्या रेषेचा अर्थ लावणारी, तिच्यातील चूक ओळखणारी आणि घाबरलेल्या आईला तो अर्थ तिच्या भाषेत समजावून सांगणारी माणसे लागतात. ती आपल्याच वर्गांतून घडावीत, यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र ही तीन वेगळी पुस्तके एकाच टेबलावर उघडी ठेवून वाचण्याची सवय आपण मुलांना लावूया.