माध्यमिक शाळेची बलस्थाने व उणिवा : एक अभ्यासपाठ

बेळगावच्या कॅम्प भागातील सेंट पॉल्स हायस्कूल ही १८५६ साली स्थापन झालेली, येशूसंघाच्या परंपरेतील मुलांची शाळा होय. शहराच्या पूर्वेस असलेल्या सांबरा येथे शेतकरी कुटुंबे आहेत, तसेच विमानतळ व वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्रही आहे. अशा परिसरातील पालकांना जुन्या ख्रिस्ती शाळांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि लौकिक आणि मूल्यमापन या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत पाठात कोणत्याही एका शाळेवर अभिप्राय न देता, अशा शाळेचे परीक्षण कसे करावे याचा विचार केला आहे.

बलस्थाने

येशूसंघाने १५९९ मध्ये आपल्या विद्यालयांसाठी अध्यापनाची सविस्तर नियमावली सिद्ध केली. वर्गांची चढती श्रेणी व नित्य उजळणी ही तिची वैशिष्ट्ये होत. शिस्त, नियमितपणा, क्रीडांगणाचे महत्त्व आणि माजी विद्यार्थ्यांचा जिव्हाळा हे गुण अशा शाळांत सामान्यतः अपेक्षिले जातात. संविधानाच्या अनुच्छेद ३० अन्वये अल्पसंख्याकांना लाभलेला व्यवस्थापनाचा अधिकार शाळेस स्थैर्य देतो.

उणिवा

गुणाचीच दुसरी बाजू पुष्कळदा उणीव ठरते. शिस्त अतिरेकी झाली की मुलगा शंका विचारीनासा होतो. इंग्रजी माध्यमात, घरी मराठी बोलणाऱ्या मुलास विषय समजतो. परंतु उत्तर मांडता येत नाही, आणि शिक्षक त्यास मंद समजतात. केवळ मुलांच्या शाळेत मुलींसमवेत काम करण्याची सवय लागण्यास हेतुतः संधी निर्माण करावी लागते. धार्मिक शिक्षणाबाबत अनुच्छेद २८ मधील संमतीची तरतूद पाळली जाते किंवा कसे, हेही पाहणे अगत्याचे आहे.

निकालाचा अर्थ

समजा, आठवीत १०० मुले होती. त्यांपैकी ८० दहावीच्या परीक्षेस बसली व ७६ उत्तीर्ण झाली. शाळेचा निकाल ९५ टक्के लागला. परंतु उरलेली २० मुले कोठे गेली? त्यांपैकी ८ जण पालकांच्या बदलीमुळे गेले असतील, तर तो शाळेचा दोष नव्हे. उर्वरित ९२ पैकी ७६, म्हणजे सुमारे ८३ टक्के मुलेच अपेक्षित वेळी उत्तीर्ण झाली. मागे राहिलेल्या अथवा शाळा सोडून गेलेल्या १२ मुलांचा उल्लेख निकालपत्रकात कोठेही येत नाही. शाळेची खरी परीक्षा या मुलांपाशी होते. कारण हुशार मुलगा बहुधा कोणत्याही शाळेत निभावून जातो.

अभ्यासार्थ प्रश्न

१. मागील तीन वर्षांतील शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून कारणांची वर्गवारी करा.
२. खेड्यातून येणाऱ्या मुलांची प्रवासाची वेळ व त्यांची हजेरी यांचा संबंध तपासा.
३. एखाद्या मागे पडलेल्या मुलास तोच प्रश्न त्याच्या मातृभाषेत विचारा व दोन्ही उत्तरांतील अंतर नोंदवा.

हे परीक्षण मुख्याध्यापकांनी शिक्षकांसमवेत करावे. उणीव नोंदविणे म्हणजे शाळेची निंदा नव्हे. सुधारणेची ती पहिली पायरी होय.