आजीचा हात आणि विहिरीवरचे शेवाळ


श्रावणात आमची आजी विहिरीच्या पायरीवरून घसरली. तिचा उजवा हात मोडला. “मेलं ते शेवाळ!” असं ती सारखी म्हणायची. मलापण शेवाळाचा लय राग आला. वडलांबरोबर जाऊन मी पायरीवरचे आणि भिंतीवरचे हिरवे खुरप्याने खरवडले व पानात बांधून शाळेत आणले.

मी म्हणालो, “गुरुजी, दोन्ही शेवाळच आहे.” गुरुजींनी भिंग दिले आणि म्हणाले, “आधी नीट बघ, मग सांग.”

पायरीवरचे नुसते बुळबुळीत होते. त्याला मूळ, खोड, पान काहीच नव्हते. भिंतीवरचे मात्र मखमलीसारखे होते. त्याला इवलेसे खोड आणि चिमुकली पाने होती! पहिले शैवाल आणि दुसरे मॉस. आपण दोघांना एकाच नावाने हाक मारतो. मग गुरुजींनी फळ्यावर वनस्पतींचे गट लिहिले.

१) शैवाल : मूळ, खोड, पान नसते. पाण्यात व ओलीत वाढते. उदा. स्पायरोगायरा.
२) मॉस : खोडपानासारखे भाग असतात, पण खरे मूळ नसते. बारीक धाग्यांनी ते भिंतीला चिकटते.
३) नेचे : मूळ, खोड, पान असते. आत पाणी नेणाऱ्या नळ्या असतात. फूल येत नाही. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत बीजाणू असतात.
४) अनावृतबीजी : बी येते, पण ते फळात झाकलेले नसते. उदा. सायकस, देवदार.
५) आवृतबीजी : फूल येते, बी फळात असते. ज्वारीच्या दाण्याचे दोन भाग होत नाहीत, ती एकदल. हरभऱ्याची डाळ होते, तो द्विदल.

पहिल्या तीन गटांना बी नसते. शेवटच्या दोन गटांना असते.

एका मुलाने विचारले, “मग भूछत्र कशात?” गुरुजी म्हणाले, “ते हिरवे नसते, स्वतःचे अन्न तयार करीत नाही. पूर्वी त्यालाही वनस्पतींत धरीत. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञांनी सजीवांचे पाच गट मांडले, त्यात बुरशी व भूछत्रे वेगळी काढली.” म्हणजे मोठी माणसेसुद्धा पुन्हा बघतात आणि दुरुस्ती करतात! मग मला माझ्या चुकीची लाज वाटली नाही.

शैवाल उन्हात आपले अन्न बनवते, ऑक्सिजन सोडते, मासे ते खातात. म्हणून त्याच्यावरचा माझा राग गेला. घरी मी आजीला सगळे गट म्हणून दाखवले. ती म्हणाली, “नाव कायबी असू दे पोरा, पायरी घासायला पायजे.”

आजीचे खरे आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चौथीची मुले पायऱ्या घासणार आहोत. मुलांनी एकट्याने विहिरीवर जायचे नाही, म्हणून हे वाचणाऱ्या पालकांना विनंती, की आमच्याबरोबर यावे. येताना खराटा आणावा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी