जोरात टेकलेलं विमान

हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली

चि. भाचीस,

तुझ्या आईनं फोनवर सांगितलेली गोष्ट मामाच्या डोक्यातून दोन दिवस जात नाही. सरावात विमान जोरात टेकलं, दोनदा उसळलं आणि तू खाली उतरून कुणाला काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी त्याच विमानात दुसरा विद्यार्थी बसला.

काही झालं नाही, हे नशीब. पण मामाचं आयुष्य ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दुरुस्तीत गेलं. एका वर्षी हळदीच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली वसमतच्या मोंढ्याकडे निघाली होती. आदल्या दिवशी ती खड्ड्यात आदळली होती, आणि मालक ओरडेल म्हणून ड्रायव्हर पोरगा गप्प राहिला. ग्रीस भरताना आसावर केसाएवढी चीर मामाला दिसली होती. परत आल्यावर बघू म्हणून त्यानं ट्रॉली जाऊ दिली. ट्रॉली भर रस्त्यात बसली. पोरगा वाचला, पण त्याचा पाय पुढे कधी सरळ झाला नाही. त्या एका "बघू"बद्दल मामानं स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

विमानाचंही तसंच असतं, आणि जुन्या दुहेरी पंखांच्या विमानांत तर ते उघडं दिसतं. २६ ऑक्टोबर १९३१ला पहिल्यांदा उडालेलं टायगर मॉथ घे: १३० अश्वशक्तीचं इंजिन, लाकडी पंख, त्यांवर ताणलेलं कापड. आपला भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा, दुसऱ्या महायुद्धात, हैदराबादच्या बेगमपेठेत वैमानिकांचे पहिले धडे याच विमानावर होत. त्याची चाकं पोटात घेता येत नाहीत. पुढे दोन चाकं, मागे शेपटाखाली घसरपट्टी, आणि मूळच्या विमानाला ब्रेकही नव्हते. विमानाचं वजन पुढच्या चाकांच्या मागे पडतं. त्यामुळे टेकताना ते जरा तिरकं झालं की शेपूट भोवंडून पुढे यायला बघतं. चाकांचे पाय उभा धक्का झेलायला केलेले असतात. असा आडवा झटका त्यांना भारी पडतो. जोडाला चीर जाते आणि रंगाखाली लपते. मग कधीतरी अगदी अलगद उतरतानाही तो पाय दुमडतो. खालचा पंख जमिनीला घासतो, प्रोपेलर मोडतो, फिरत्या इंजिनाला हिसका बसला म्हणून तेही खोलावं लागतं. शेवटी उतरवणारा बिचारा दोषी ठरतो, आणि चीर पाडणारा भलताच असतो.

आता वेळीच बोलण्याचं, आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण. ६ मे २०२१. बागडोगऱ्याहून मुंबईला रुग्ण नेणारं बीचक्राफ्ट सी-९० जातीचं विमान इंधनासाठी नागपूरला उतरलं होतं. तिथून उडताना त्याचं एक चाक निखळून पडलं. औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानानं ते पाहिलं आणि लगेच कळवलं. आपलं काम पहाऱ्याचं, विमानाचं आपल्याला काय, असं तो म्हणाला नाही. कॅप्टन केसरी सिंग यांनी रात्री नऊच्या सुमारास मुंबईत विमान पोटावर उतरवलं. धावपट्टीवर फेस पसरून ठेवला होता, अग्निशमन दल उभं होतं. रुग्ण, डॉक्टर, सगळे पाचजण सुखरूप. कॅप्टनच्या हाताचं कौतुक खूप झालं, व्हायलाच हवं होतं. पण तयारीला वेळ मिळाला तो कुणीतरी बोललं म्हणून, हे मामाला जास्त मोठं वाटतं.

तर बाई, उद्या सकाळी पहिलं काम: देखभालीच्या इंजिनिअरकडे जा. कुठलं चाक आधी टेकलं, वारा कुठून होता, किती वेळा उसळलं, आठवेल तितकं सगळं सांग आणि विमानाच्या वहीत लिहायला लाव. रागावतील. उड्डाणाचे काही तास बुडतील, पैसेही जातील. पैशांचं मामा बघेल. तुझ्या आईला त्यातलं काही सांगायची गरज नाही.

शनिवारी फोन कर. विमान जॅकवर चढवून तो पाय कुणी तपासला का, ते आधी सांग. मग बाकीचं बोलू.

तुझा,
मामा