ब्रेक दाबला आणि इंडिकेटर मिणमिणला

प्रीमियर पद्मिनीचा ब्रेक दाबला की डावीकडचा दिवा लख्ख पेटतो, उजवीकडचा मिणमिणतो आणि त्याच्या शेजारचा इंडिकेटर कारण नसताना उजळतो. ही तक्रार घेऊन गेलात की पहिल्यांदा बल्ब बदलला जातो, मग होल्डर, आणि कोणी फारच उत्साही असेल तर सगळं वायरिंग. आमच्या गाडीवर हे तिन्ही प्रयोग झाले. दुखणं होतं ते गंजलेल्या एका स्क्रूखाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. या गाडीची नस जाणणारे वायरमन आता कोपऱ्याकोपऱ्यावर भेटत नाहीत, तेव्हा एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

सामान फार नाही: टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली वायर, बारीक पॉलिश पेपर, एक-दोन नवे बल्ब आणि थोडं व्हॅसलीन.

आधी हात न लावता नुसतं बघा. संध्याकाळी गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून उभी करा, म्हणजे पेडल दाबायला माणूस नसला तरी दिवे भिंतीवर दिसतात. चावी ऑन करून पार्किंग, ब्रेक आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकेक करून लावा. मग सगळे एकदम लावा. दोन्ही ब्रेकदिवे मेलेले असतील तर फ्यूज किंवा ब्रेकचा स्विच. एकच मेला असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूची वायर. एक लावला की दुसराच पेटत असेल, तर बल्बच्या दुकानात जाऊ नका, अर्थिंगकडे वळा.

फ्यूज मात्र आधी बघून घ्या, कारण त्याला मिनिटभरच लागतं. पद्मिनीचे टोकदार फ्यूज वरून शाबूत दिसतात, पण टोकांवर हिरवट थर बसलेला असतो. बोटानं जागच्या जागी फिरवला तरी कधीकधी दिवा परत येतो. तसं झालं तर टोकं आणि पट्ट्या घासून स्वच्छ करा. २१ वॉटचे दोन ब्रेकदिवे १२ व्होल्टवर मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. पांढरा फ्यूज ८ अँपिअरचा असतो. तो पुन्हापुन्हा उडत असेल तर कुठेतरी वायर पत्र्याला टेकली आहे. तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. फ्यूज वाचेल, वायर जळेल.

मग काच काढून बल्ब बघा. त्याच्या पोटात दोन तारा असतात: पार्किंगची ५ वॉटची, ब्रेकची २१ वॉटची. बाजूच्या दोन खिळ्या वरखाली असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. होल्डर झिजला असेल तर तो दामटून उलटाही बसवता येतो. मग पार्किंगलाच ब्रेकएवढा उजेड पडतो आणि ब्रेक दाबल्यावर फरक कळत नाही. होल्डरच्या तळाच्या स्प्रिंगा दबल्या आहेत का, तेही बघा.

आता मुख्य काम. बॅटरीतून निघालेला करंट बल्बपर्यंत वायरीनं येतो, परत जातो तो गाडीच्या पत्र्यातून; हेच अर्थिंग. होल्डर आणि पत्रा यांच्यामध्ये गंज किंवा रंगाचा थर आला की परतीची वाट बंद होते. मग ब्रेकचा करंट शेजारच्या ५ वॉटच्या तारेतून किंवा इंडिकेटरमधून दुसरी वाट शोधतो, आणि नको ते दिवे मिणमिणतात. खात्रीसाठी ब्रेक दाबलेला ठेवून चिमट्यांच्या वायरीचं एक टोक होल्डरच्या धातूला, दुसरं डिकीतल्या चकचकीत घासलेल्या बोल्टला लावा. दिवा खाडकन उजळला, तर चोर सापडला.

मल्टिमीटर असेल तर बल्ब पेटलेला असतानाच होल्डरचा धातू आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्ध्याच्या वर गेलं तर अर्थिंग वाईट. दिवा बंद ठेवून मोजलंत तर आकडा छान येतो आणि फसवतो.

उपाय सोपा: स्क्रू काढा, खालचा पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासा, वायरीच्या टोकाचं थिंबल बदला, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. मी तर प्रत्येक होल्डरपासून डिकीतल्या बोल्टपर्यंत स्वतंत्र काळी वायर ओढून टाकली. मूळ गाडीत नव्हती म्हणून नाकं मुरडणारे शौकीन आहेत; मुरडोत.

दोन्ही ब्रेकदिवे मेलेले आणि फ्यूज चांगला असेल, तर स्विचच्या दोन्ही वायरी काढून चावी ऑन ठेवून एकमेकींना जोडा. दिवे पेटले तर स्विच गेला. पेडलपाशी असेल तर बदलणं सोपं. ब्रेकच्या तेलाच्या नळीत असेल तर तो मेकॅनिककडूनच बदलून घ्या. हवा शिरली की ब्रेकच कच्चा होतो, आणि सांडलेलं तेल रंग खातं. असा स्विच म्हातारा झाला की पेडल जोरात दाबल्यावरच दिवा लागतो, हळू दाबल्यावर मागच्याला काही कळत नाही.

एवढं करूनही एकच दिवा रुसलेला असेल, तर डिकीत स्टेपनी आणि जॅक जिथे आपटतात, तिथली वायर हातानं चाचपा.

काच परत लावताना खालचं रबर तडकलेलं असेल तर नवं घाला. स्क्रू दोन्हीकडून थोडे-थोडे आवळा, जुनी काच पटकन तडकते. मग पुन्हा भिंतीकडे पाठ करून सगळे दिवे एकदम लावून बघा.