वखारीतील मांजर आणि श्रावकाची अहिंसा

आपल्या व्यापारी बांधवांच्या स्मरणिकेत बाजारभाव, कर आणि कायदे यांविषयीचे अभ्यासपूर्ण लेख नेहमीच येतात. त्यांचे मोल मी जाणतो. तथापि यंदा एका घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे मनात आहे. ज्याने अहिंसेचे व्रत पत्करले, त्याने प्राणी पाळावा काय? मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व घाऊक धान्यव्यापारात केस पिकविलेला एक साधा श्रावक आहे. म्हणून जे अनुभवले आणि जे वाचून समजले, तेवढेच येथे मांडतो.

गेल्या दिवाळीस माझी नात पुण्याहून राजगढास आली. ती हल्ली 'व्हीगन' झाली आहे. दूध, तूप, मध, रेशीम, चामडे असे प्राण्यांपासून मिळणारे काहीच ती वापरीत नाही. या मंडळींची पहिली संस्था 1944 साली इंग्लंडात स्थापन झाली. 'शक्य व व्यवहार्य असेल तेथवर' अशी मर्यादाही त्यांनी आपल्या व्रतास घातली आहे. आपल्याकडील 'यतना' या कल्पनेशी ती बरीच जुळते.

एके दिवशी नात माझ्याबरोबर वखारीत आली. गव्हाच्या थप्पीवर आमची जुनी मांजरी निजली होती. तिला गोंजारीत नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही उंदरांना विष घालीत नाही, हे उत्तमच, पण त्यांच्यासाठी मांजर ठेवता. मग हिंसा टळली कोठे? फक्त हात बदलला."

मजजवळ उत्तर नव्हते. चाळीस वर्षे वखारीत मांजर ठेवले आणि विष घालीत नाही याचे समाधान मानीत आलो. पोरीच्या एका वाक्याने ते समाधान उडाले. त्यानंतर मी ग्रंथ उघडले.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून वा कोंडून ठेवणे, मारहाण करणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. येथे एक गोष्ट ध्यानात येते. हे पाचही दोष मुख्यतः पाळलेल्या, आपल्या ताब्यातील जिवांविषयी आहेत. रानातील हरणावर कोणी ओझे लादीत नाही. म्हणजे ताबा आला की जबाबदारी आली, हे आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखले होते. भारत सरकारचा प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा पाहिला, तर मारणे, अतिभार घालणे, अरुंद पिंजऱ्यात कोंडणे, अन्नपाणी न देणे आणि पाळलेला प्राणी टाकून देणे हेच त्यातील गुन्हे आहेत.

दुसरा आधार याहून बोचरा आहे. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत, म्हणजे दोषयुक्त धंद्यांत, शेवटचे 'असतीपोषण' आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचे विवरण करताना मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांची नावे घेतली आहेत, आणि ते पोषण धनासाठी असेल तर दोष, असे सांगितले आहे. 'धनासाठी' हा शब्द वाचताच मी थबकलो. माझी मांजरी दयेपोटी आणलेली नव्हती. धान्याची नासाडी वाचावी आणि चार पैसे राखावेत, म्हणून ती आणली होती.

आता एकेका प्राण्याचा विचार करू.

पिंजऱ्यातील पोपटाविषयी फार बोलावयास नको. तो बंध उघड आहे. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील पोपट पाळण्यास मनाई आहे. हौसेपायी अनेक घरांत अजून पिंजरे टांगलेले दिसतात, ते काढावेत. मात्र जन्मापासून कोंडलेला पक्षी एकदम उडवून देणे हीही दया नव्हे. त्यास वनखात्याच्या स्वाधीन करावे.

कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहून भाकरीसारखे पिष्टमय अन्न पचवू लागला. जाणत्या पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याचा शाकाहार सांभाळता येतो.

मांजराचे तसे नाही. निसर्गाने त्यास मांसाहारीच घडविले आहे. 'टॉरीन' नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. तेव्हा केवळ दूध-पोळीवर त्यास ठेवून आपण पुण्य जोडले असे मानणे चूक आहे; तोही एका परीने अन्नपाननिरोधच. कृत्रिम टॉरीन घातलेले शाकाहारी खाद्य निघाले आहे, परंतु पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय ते देऊ नये.

मग मांजरास हाकलून द्यावे काय? येथे मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. तरुणपणी वखारीत मांजरीने पिले घातली. त्यांचा उपद्रव नको म्हणून मी हमालाकरवी ती पोत्यात घालून माही नदीपलीकडे सोडविली. पुढे कित्येक दिवस ती आई थप्प्यांमागे ओरडत फिरे. त्या दिवसांत मी सामायिकास बसे, पण मन काही स्थिर होईना. मी जीव मारला नाही, असे तेव्हा म्हणत असे. आज तसे म्हणवत नाही.

या प्रश्नातून आपल्या पूर्वजांनी काढलेली वाट पाहण्याजोगी आहे. मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा 1832 साली पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली. त्यानंतर 1834 साली सर जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी तेथे पांजरापोळ उभारले. दिल्लीस लाल किल्ल्यासमोरील लाल मंदिरात जैन समाजाचे पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तेथे शाकाहारी पक्ष्यांना ठेवून घेतात. शिकारी पक्ष्यांना ठेवून घेत नाहीत, परंतु त्यांच्यावर उपचार करून परत पाठवितात. मांस शिजवावयाचे नाही आणि दुखणाईतास दारातून लोटावयाचेही नाही, अशी ही मर्यादा आहे. आपल्या वखारीस व घरासही हीच मर्यादा उपयोगी पडेल असे मला वाटते.

माझ्यापुरता जो निर्णय घेतला तो सांगतो. वखारीत यापुढे नवे मांजर आणावयाचे नाही. उंदरांसाठी थप्प्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर लावल्या. दाराच्या तळाशी पत्रा ठोकला, खिडक्यांस बारीक जाळी बसविली, बिळे सिमेंटने बुजविली, सांडलेले धान्य रोज संध्याकाळी झाडविले. खर्च आला, पण नासाडी पुष्कळ कमी झाली. जुनी मांजरी आता घरी असते. ती जन्मभर आमची जबाबदारी आहे. पुन्हा पिले होऊन पोत्याची पाळी येऊ नये म्हणून तिची शस्त्रक्रिया करून घेतली. छविच्छेदाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. दोन दोषांतील लहान तो पत्करला, आणि त्याचे प्रायश्चित्त गुरुमहाराजांकडून घेतले. धान्यास कीड लागू नये म्हणून आपण जी धुरी देतो, तो प्रश्न तर याहून मोठा आहे. त्याचाही विचार एकदा आपण सर्वांनी मिळून केला पाहिजे.

बंधुभगिनींनो, या विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे :

1. हौसेसाठी वा नफ्यासाठी प्राणी विकत आणू नये.
2. दाराशी आलेला अनाथ वा जखमी जीव मात्र लोटू नये.
3. एकदा आश्रय दिला की त्याच्या प्रकृतीस मानवेल असे अन्न, पाणी, औषध व मोकळीक द्यावी, आणि ती अखेरपर्यंत द्यावी.
4. जे काम आपण स्वतःच्या हाताने करणार नाही, ते दुसऱ्या जिवाकडून करवून घेऊ नये. करणे, करविणे व अनुमोदन देणे यांत आपल्या धर्माने भेद ठेवलेला नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून परत जाताना नातीने मांजरीस मांडीवर घेऊन विचारले, "आजोबा, हिला सांभाळाल ना?" मी हो म्हणालो. चाळीस वर्षांत प्रथमच त्या मांजरीचा मी व्यापाराबाहेर विचार केला होता.