नाव एक, फाइली दोन

संगणकावर एखादी नवी आज्ञावली बसवावी आणि त्यामुळे कालपर्यंत नीट चालणारी दुसरीच आज्ञावली बंद पडावी, हा प्रकार १९९० नंतरच्या दशकात इतका वाढला की संगणकतज्ज्ञ त्याला ‘डीएलएलचा नरक’ म्हणू लागले. दोन आज्ञावल्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसताना असे का व्हावे?

खिडकी उघडणे, अक्षरे छापणे, वर्गमूळ काढणे ही कामे जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीला करावी लागतात. प्रत्येकीने ती आपल्या पोटात वेगळी बाळगली, तर तोच मजकूर डिस्कवर आणि स्मृतीत पुन्हा पुन्हा साठवावा लागेल. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज’ १९८५ साली आली, तेव्हा तिला निदान २५६ किलोबाइट स्मृती लागत असे. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट मोठे असते! एवढ्या अपुऱ्या जागेत काटकसर करावयाची म्हणून सामाईक कामे वेगळ्या फाइलीत ठेवण्यात आली. आज्ञावली चालू असताना ती या फाइलीला जोडली जाते, आणि स्मृतीत एकदाच आणलेली फाइल सर्वांच्या उपयोगी पडते. अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘डीएलएल’ ही अक्षरे असतात.

योजना चांगलीच होती. गोम एवढीच, की आज्ञावली फाइल मागते ती नुसत्या नावाने. समजा, वर्गात शिक्षकांनी सांगितले, “गणिताचे पुस्तक, पान ४२, उदाहरण ३.” शिक्षकांजवळ जुनी आवृत्ती आणि तुमच्याजवळ नवी असेल तर काय होईल? पुस्तकाचे नाव तेच, पण उदाहरण भलतेच. त्या पानावर उदाहरण नसेलच, तर चूक लगेच ध्यानात येते. संगणकही अशा वेळी ‘मागितलेले काम या फाइलीत नाही’ असा संदेश देऊन थांबतो. उदाहरण असले पण वेगळे असले, तर मात्र घोटाळा उशिरा कळतो.

हे एका कल्पित फाइलीवरून पाहू. ‘गणित.डीएलएल’ या फाइलीत कोनाची ज्या काढण्याची सोय आहे आणि कोन अंशांत द्यावयाचा आहे. तुमच्या आज्ञावलीने ३० ही संख्या दिली की उत्तर ०.५ येते. पुढे दुसऱ्या कोणी त्याच नावाची फाइल तयार केली, पण कोन रेडियनमध्ये मानला. आता त्याच ३० चे उत्तर सुमारे −०.९८८ येईल. कोणताही संदेश नाही, तक्रार नाही. फक्त उत्तर चुकीचे. आणि दोष कोणाच्या माथी? तुमच्या आज्ञावलीच्या, जिच्यातील एक अक्षरही बदललेले नाही!

नको असलेली फाइल तेथे येते कशी? नव्या आज्ञावल्या आपल्यासोबत आणलेल्या डीएलएल फाइली विंडोजच्या सामाईक कप्प्यात ठेवीत. तेथे त्याच नावाची फाइल असली तर तिची आवृत्ती पाहूनच पुढे जावयास हवे, पण काही आज्ञावल्या तेवढाही विचार न करता नव्या फाइलीवर जुनी फाइल चढवीत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तर दोन फाइली वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवूनही सुटका नसे. त्या नावाची एक फाइल स्मृतीत आधीच असेल, तर दुसऱ्या आज्ञावलीलाही तीच मिळे. म्हणजे सकाळी तुम्ही प्रथम कोणती आज्ञावली सुरू केली यावर दुसरी चालणार की नाही हे ठरे. असा दोष शोधणे किती कठीण, याची कल्पना करा. क्रम उलटा केला की तो नाहीसा होई!

उपाय हळूहळू आले. विंडोज २००० ने महत्त्वाच्या फाइली बदलू न देण्याची व्यवस्था केली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये एकाच नावाच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येऊ लागल्या. आज्ञावली नावाबरोबर आवृत्तीही मागू शकते. लिनक्समध्ये फाइलीच्या नावालाच मुख्य आवृत्तीचा क्रमांक जोडतात, हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. प्रत्येक आज्ञावलीने आपली प्रत स्वतःजवळच ठेवणे, हाही आज सर्रास वापरला जाणारा उपाय आहे. जागा आता स्वस्त आहे. पण त्या सामाईक भागात सुरक्षिततेचा दोष आढळला, तर एक फाइल बदलून भागत नाही. प्रत्येक आज्ञावलीतील प्रत शोधून बदलावी लागते.

शाळेत ६४ बिटांचे विंडोज असलेला संगणक असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यातील ‘विंडोज’ हा कप्पा उघडा. आत ‘सिस्टम३२’ आणि ‘सिसवॉव६४’ असे दोन कप्पे आहेत. दोन्हींत ‘कर्नेल३२.डीएलएल’ शोधा, माऊसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यातील ‘डिटेल्स’ पाहा व दोन्ही फाइलींचे आकार ताडून पाहा. काहीही पुसू किंवा हलवू मात्र नका. गंमत अशी की ६४ बिटांची फाइल ‘सिस्टम३२’ मध्ये आहे आणि ३२ बिटांची ‘सिसवॉव६४’ मध्ये!